चौकातले लग्न आणि वहीतले कर्ज

कलेने नीती शिकवावी की नाही, हा वाद मराठीत जुना आहे. १९३० नंतरच्या दशकात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ही दोन नावे त्याच्या दोन टोकांना उभी राहिली. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ हे शब्दप्रयोग तेव्हापासून शाळकरी निबंधांतही रुळले. दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून कादंबऱ्या आणल्या, नाटके आणली, परदेशी टीकाकार आणले. ज्यांची कला कागदावर उतरतच नव्हती, भिंतीवर काढली जात होती आणि भिंतीबरोबर पुसली जात होती, त्यांची साक्ष या वादात कुणी फारशी काढली नाही. ती साक्ष काढावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. ती डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतली आहे.

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका लागतो. तिथून एक रस्ता पश्चिमेला डहाणूकडे उतरतो, दुसरा पूर्वेला जव्हारकडे चढतो. थोडे उत्तरेला, महामार्गालगत, विवळवेढ्याचे महालक्ष्मीचे देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेपासून तिथे मोठी जत्रा भरते. डहाणूच्या बाजूला गंजाड, समुद्राकडे कोसबादची टेकडी, उत्तरेला गुजरातच्या हद्दीपाशी तलासरी आणि झरी. पुढे येणाऱ्या बहुतेक घटना याच टापूत घडलेल्या आहेत. आज हा टापू २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्यात आहे. त्याआधी तो ठाणे जिल्ह्यात होता आणि तलासरीकडचा भाग १९६० पर्यंत उंबरगाव तालुक्यात मोडत असे.

ही कला ज्यांची, त्या या टापूतल्या वारली आदिवासींविषयीचे जे कागद पुढे वापरले आहेत, ते जवळजवळ सगळे बाहेरच्यांनी लिहिलेले आहेत. एक मिशनऱ्याचा, एक सनदी अधिकाऱ्याचा, एक समाजाच्या अभ्यासकाचा, काही शेतकरी चळवळीच्या कार्यकर्त्यांचे, एक कलेच्या अभ्यासिकेचा. लिहिणारा प्रत्येक जण काही हेतू मनात धरून आला होता. म्हणून प्रत्येक कागद दोनदा वाचावा लागतो: एकदा त्याने वारल्यांविषयी काय सांगितले म्हणून, आणि एकदा त्याने कुणाला काय विचारले म्हणून. दुसरे वाचन या लेखाच्या विषयाला जास्त उपयोगी पडते.

मिशनऱ्याचे प्रश्न

जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले. मुंबईतले विल्सन कॉलेज त्यांचेच नाव सांगते. उत्तर कोकणच्या जंगलात फिरून त्यांनी वारली आणि कातकरी या दोन जमातींचा वृत्तान्त लिहिला. तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये छापला गेला. त्याचे मोल असे की वारल्यांशी झालेले बोलणे त्यांनी प्रश्न आणि उत्तर अशा रूपात नोंदवले. आपल्याला पटो न पटो, समोरच्याचे उत्तर त्यांनी लिहून ठेवले. त्यासाठी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

त्या बोलण्याचा गोषवारा असा. देव कोणता, असे विचारल्यावर वारल्यांनी वाघ्या सांगितला. त्याचे रूप म्हणजे शेंदूर आणि तूप लावलेला, घडण नसलेला दगड. त्याला कोंबडे, बकरे, नारळ देतात. तो वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. दगड हे कसे करील, असे विल्सनांनी विचारले. दगडाखेरीज त्या जागी आणखी काही आहे, ते काय हे आम्हाला ठाऊक नाही, वाडवडिलांनी दाखवले तसे आम्ही करतो, असे उत्तर आले. वाघ्याला कधी रागे भरता का, या प्रश्नावर ते लगेच हो म्हणाले: तुला कोंबडे दिले, बकरा दिला, तरी आम्हाला मारतोस, आणखी काय पाहिजे, असे आम्ही त्याला सुनावतो. त्याला मारता का, याला मात्र उत्तर होते: कधीच नाही.

मग मिशनरी आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळला. मेल्यावर जीव कुठे जातो? हे आम्ही कसे सांगणार, असे वारली म्हणाले. पापी माणूस मेला तर कुठे जातो? पुन्हा तेच उत्तर. चांगल्या ठिकाणी जातो की वाईट? सांगता येत नाही. शेवटी विल्सनांनी स्वर्ग आणि नरक असे दोन पर्याय पुढे ठेवले, तेव्हा कुठे ‘नरकात’ असे उत्तर मिळाले.

छापील पानावर हा क्रम स्पष्ट दिसतो. पाप, शिक्षा आणि नरक ही साखळी उत्तर देणाऱ्यांनी आपणहून जोडलेली नाही. ती प्रश्नातून आली आणि प्रश्नाच्या रेट्याने मान्य झाली. त्यांनी आपणहून सांगितले ते निराळे. देव आणि माणूस यांच्यात देणेघेणे आहे. माणसाने आपला वाटा द्यायचा, देवाने आपला. देवाने शब्द मोडला तर त्याला तोंडावर जाब विचारायचा, पण हात उगारायचा नाही. यात नीती नाही असे कोण म्हणेल? जबाबदारी आहे, हक्क आहे आणि मर्यादाही आहे. फक्त ती पाठांतराच्या धड्यासारखी मांडलेली नाही, म्हणून विल्सनांच्या कानाला ती नीतीसारखी लागली नाही.

आणखी एक गोष्ट या कागदावरून नोंदवून ठेवू. पापाचा प्रश्न वारल्याला विचारला गेला. ज्यांच्या जमिनीवर आणि ज्यांच्या दाराशी तो राबत होता, त्यांना तो विचारल्याचे या कागदात नाही.

चौकात काय असते

वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढतात. शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. परंपरेने चौक काढण्याचा मान सवाशिणींचा. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच. ती गाणी म्हणून देवांना मांडवात बोलावते. मधल्या नक्षीदार चौकोनात पालघाट देवी, जवळ सूर्य आणि चंद्र, शिडी, फणी. चौकोनाबाहेर झाडे, जनावरे, नाचणारी माणसे, बाशिंग बांधलेली वरात. दुसरा एक देवचौक असतो. त्यात पाच शिरांचा पंचशिऱ्या देव येतो.

या विधीची तपशीलवार नोंद यशोधरा दालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या ग्रंथात आहे. ललित कला अकादमीने तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी, १९४५ मध्ये, के. जे. सावे यांचे ‘द वारलीज’ निघाले. वारल्यांचे विधी, गाणी, कथा आणि देवदेवता यांच्या अभ्यासाचा पाया म्हणून पुढचे अभ्यासक त्याच पुस्तकाकडे जातात. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले की एक बाब पक्की होते. चौक हा लग्नाचा भाग आहे, लग्नाची सजावट नव्हे. पालघाट आल्याशिवाय लग्न लागत नाही. चौक पाहणाऱ्याला काही शिकवण्यासाठी काढलेला नसतो; ज्यांच्यासाठी काढला ते त्याच्यासमोर उभे राहतात आणि नवराबायको होतात. काम झाले की चित्र राखून ठेवण्याची गरज उरत नाही. भिंत पुन्हा सारवली जाते.

अशा चित्राला ‘यातून काय बोध घ्यायचा’ असे विचारणे म्हणजे मंगलाष्टकांना तात्पर्य विचारण्यासारखे आहे. तरीही चौकात एक जग मांडलेले आहे, आणि त्या जगाला स्वतःची एक रीत आहे. माणसे झाडांहून मोठी नाहीत. जनावरे कडेला ढकललेली नाहीत. तारपा या वाद्यावरच्या नाचात वाजवणारा मध्ये आणि बाकी सगळे हातात हात घालून त्याच्याभोवती. त्या साखळीत पाटील ओळखू येत नाही आणि गडीही ओळखू येत नाही.

आता कठीण प्रश्नाकडे येऊ. चौकाच्या रचनेत सावकाराला जागा नाही. आणि ते लग्न मात्र पुष्कळदा सावकाराच्या पैशाने लागत होते.

सिमिंग्टनचा अहवाल आणि लग्नगडी

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांतातले काही आदिवासी भाग अंशतः वगळलेले म्हणून ठरवले गेले. त्यात डहाणू आणि उंबरगाव होते. प्रांतिक सरकारने या भागांची चौकशी डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याकडे सोपवली. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. भाषा सरकारी आहे, पण मजकूर अंगावर येतो. खंडाने जमीन कसणाऱ्या कुळांना जमीनदार हवे तेव्हा कामाला बोलावतो. नकार दिला किंवा उशीर केला तर मारहाण होते. त्यात माणसे दगावल्याचेही विश्वासू लोकांकडून कानावर आले, असे अधिकारी लिहितो. मजुरी फार तर दिवसाला एक आणा, आणि पुष्कळदा पैशाऐवजी एका माणसाला एका वेळी जेमतेम पुरेल इतका तांदूळ. बायकांवरच्या अत्याचाराकडेही त्यांनी स्पष्ट बोट दाखवले.

या अहवालाला जोडून गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचावे लागते. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे येणाऱ्या १९४५ च्या वारली लढ्यानंतर पंचवीस वर्षांनी, त्या लढ्याच्या नेत्याने, आठवणीतून लिहिलेले हे पुस्तक आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वापरायचे. पण वेठ, मारहाण आणि मजुरी या बाबतींत १९३९ चा सरकारी अधिकारी आणि १९७० ची कम्युनिस्ट कार्यकर्ती एकच चित्र काढतात. ज्यांचे राजकारण एकमेकांविरुद्ध होते अशा दोघांची साक्ष जुळते, तेव्हा तिला वजन येते.

गोदावरीबाईंनी ‘लग्नगडी’ प्रथेचे वर्णन केले आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलायची आणि ती फेडण्यासाठी त्याच्या घरी राबायचे. रक्कम फिटत नाही. नवरा गडी होतो, बायको मोलकरीण होते, मुले गुरांमागे जातात. आयुष्य संपते, कर्ज संपत नाही.

म्हणजे ज्या घटकेला आतल्या भिंतीवर पालघाट येत होती, त्याच घटकेचा खर्च बाहेर कुणाच्या तरी वहीत मांडला जात होता. चौकात लग्न होते आणि वहीत कर्ज. चौकाने वहीविषयी एक रेघही काढली नाही.

कलेने नीती शिकवलीच पाहिजे असे मानणाऱ्याला इथे मोठा आधार सापडेल. तो म्हणेल, एवढा अन्याय दाराशी असताना ज्या कलेने शिड्या, फण्या आणि झाडे काढली, ती कला कर्तव्याला चुकली. हा आरोप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. उत्तर शोधायचे तर १९४५ कडे जावे लागते.

एका वर्षातल्या तीन गोष्टी

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली आणि उंबरगावकडचे काही वारली तिथे पोचले. त्यांच्या बोलावण्यावरून शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरीला सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. शामरावांनी ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ या १९४७ च्या पुस्तिकेत तिथले ठराव दिले आहेत. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करायचे नाही. वेठ करायची नाही. त्याने हात उचलला तर प्रतिकार करायचा. सगळ्यांनी एकजुटीने राहायचे.

एक आणा ते बारा आणे, हे अंतर सहा वर्षांत तोडले गेले ते या सभेने. त्यानंतर उंबरगावात आणि मग डहाणूत वेठ मोडत गेली आणि लग्नगडी मोकळे होत गेले. पावसाळा संपल्यावर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हे त्यांपैकी एक. १० ऑक्टोबर हा दिवस तलासरी भागात आजही हुतात्म्यांचा म्हणून पाळला जातो.

त्याच १९४५ मध्ये सावे यांचे पुस्तक निघाले. एका कागदात वारली लग्न लावतो, गाणे म्हणतो, कथा सांगतो. दुसऱ्या कागदात तोच वारली मजुरीचा दर ठरवतो आणि मार खायला नकार देतो. ही दोन माणसे नाहीत. तारप्याभोवती हातात हात गुंफून फेर धरणारे आणि झरीच्या माळावर एकजुटीचा ठराव करणारे लोक तेच होते. देवाला तोंडावर जाब विचारणारे, पण त्याच्यावर हात न उगारणारे, असे विल्सनांनी ज्यांना शंभर वर्षांपूर्वी पाहिले, त्यांचीच ही नातवंडे-पणतवंडे. त्यांच्यात न्यायबुद्धी कुणी बाहेरून ओतली नाही. भय होते आणि आधार नव्हता. सभेने भय घालवले, संघटनेने आधार दिला, आणि न्यायबुद्धी बोलू लागली.

तारपा नाचल्यामुळे बंड झाले, असा दावा मी करत नाही. कागद तेवढे सांगत नाहीत. ते इतकेच सांगतात की चौकाने सावकाराविरुद्ध बोध केला नाही म्हणून वारली झोपले होते, हे खरे नाही. त्यांना बांधून ठेवले होते ते लाठीने, उपासमारीने आणि कर्जाने. त्यावर उतारा सभेत, संपात आणि कायद्यात होता. तो चित्राकडे मागणे हे चित्राला न पेलणारे ओझे देणे होते.

तिसरी गोष्टही त्याच वर्षातली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. ताराबाई १९२३ पासून काही वर्षे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी होत्या. गिजुभाईंनी ‘वार्तानुं शास्त्र’ या गुजराती ग्रंथात गोष्ट आणि नीतिशिक्षण यांचा प्रश्न सविस्तर घेतला आहे. त्यांचे मत निःसंदिग्ध आहे: गोष्ट आधी आनंदासाठी सांगावी, गोष्ट बोधासाठी सांगितली आहे हे मुलाला कळते, आणि मग गोष्टही मरते, बोधही लागत नाही.

त्या परंपरेत घडलेल्या दोन बायका जेव्हा वारली मुलांमध्ये आल्या, तेव्हा त्यांनी काय केले हे अनुताईंच्या ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात वाचायला मिळते. मुले शाळेत येत नव्हती, तर शाळा मुलांकडे नेली. पाड्याच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चारायला गेलेल्या पोरांमागे माळावर गेली ती कुरणशाळा. साधने म्हणजे शंख-शिंपले, खडे, बिया, पाने. स्वच्छ राहा असा उपदेश करत बसण्यापेक्षा त्यांनी मुलांना आंघोळी घातल्या. ज्यांचे सारे आयुष्य शिकवण्यात गेले, त्यांनीच शिकवणीचा बडगा गोष्टीवर आणि गाण्यावर उगारला नाही. या विषयातला हा सगळ्यात भक्कम पुरावा मला वाटतो, कारण तो कलावंताकडून आलेला नाही, शिक्षकांकडून आलेला आहे.

शिकवणाऱ्या कलेची बाजू

याविरुद्ध एक सबळ पुरावा आहे आणि तो मांडला नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. महाराष्ट्रात उघडउघड शिकवणारी थोर कला झाली आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा फसवतो हे त्यात दाखवले आहे. विदूषक मधून मधून येऊन त्या लबाडीचे सोंग उघडे पाडतो, आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. नाटकाचा हेतू शिकवणे हाच आहे. त्याच वाटेने सत्यशोधक जलसे आले, आंबेडकरी जलसे आले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ही कला शिकवणारी होती आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

मग नियम कोणता? चौक आणि ही शिकवणारी कला यांत फरक कशाचा, हे ‘तृतीय रत्न’च्या कागदपत्रांतूनच उलगडते. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी ही सरकारी समिती. बोधपर लेखनाला तिचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. पण हे नाटक तिने स्वीकारले नाही, आणि ते पहिल्यांदा छापले गेले ते १९७९ मध्ये, म्हणजे लिहिल्यापासून सव्वाशे वर्षांनी. कलेने शिकवावे असे म्हणणारी सत्ता प्रत्यक्षात आपल्याला सोयीचा धडा मागत असते. खालून वर शिकवलेला धडा आला की ती दार लावून घेते.

म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. कलेने शिकवावे की नाही, याआधी विचारायचे ते हे: शिकवायचे कुणी ठरवले? फुल्यांनी, अण्णा भाऊंनी स्वतः ठरवले. आपल्या लोकांचे दुःख आपल्या तोंडाने सांगायचे त्यांनी निवडले. ज्या सवाशिणीने चौकात फणी आणि शिडी काढली, तिनेही तिचे ठरवले. दोघांचा अधिकार सारखाच आहे. अधिकार नाही तो तिसऱ्याला: भिंतीसमोर उभे राहून ‘यात बोध घाला’ असे फर्मावणाऱ्याला.

कागदावर आलेला चौक

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने, भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर आले. याआधी त्यांनी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद दिला होता. इथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली आणि ते पुष्कळ काळ बोलेनासे झाले. जमिनीवरच्या धुळीत रेघा काढून ते आपले म्हणणे सांगत. विधीची चित्रे काढण्याचे काम बायकांचे. म्हसे विधीसाठी काढत नव्हते. चित्र काढावेसे वाटते म्हणून ते रोज काढत होते.

१९७५ मध्ये त्यांची चित्रे मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचे ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या चित्रांत मासेमारीचे भले मोठे जाळे आहे, तारप्याचा वेटोळा घालत जाणारा नाच आहे, शेत आहे, वारूळ आहे, कथा आहेत. पाटी लावलेला बोध नाही. तरीही ही चित्रे पाहून उठलेल्या माणसाला मुंग्यांच्या रांगेकडे आणि शेतात वाकलेल्या बाईकडे पूर्वीसारखे सहज दुर्लक्ष करता येत नाही. कला नीतीचे जे काम करते ते असे करते: ती पाहायला लावते.

१९७६ हे साल आणखी एका कागदाचे आहे. त्या वर्षी संसदेने वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा केला. वारली चित्रकाराला राष्ट्रीय पुरस्कार आणि कर्जापोटी माणूस बांधून ठेवण्याला देशभर बंदी, दोन्ही एकाच वर्षी. पुरस्काराने कर्ज फिटत नाही आणि कायद्याने चौक निघत नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. आज तिची नक्कल सर्वत्र आहे. शाळांच्या, अंगणवाड्यांच्या, दवाखान्यांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर त्रिकोणी अंगाची पांढरी माणसे घोषवाक्ये धरून उभी आहेत: झाडे लावा, पाणी वाचवा, मुलगी शिकवा. घोषणा चांगल्या आहेत. पण जंगलात राहणाऱ्यांच्या चित्रातून जंगल राखण्याचा उपदेश आपण पुन्हा त्यांनाच करावा, यात १८४३ च्या प्रश्नोत्तरांचाच उलटा क्रम चालू राहतो. नीती पुन्हा वारल्याला विचारली जाते.

निष्कर्ष

एवढ्या कागदांवरून माझे मत असे झाले आहे. करमणुकीने आणि कलेने नीती शिकवलीच पाहिजे, ही मागणी कुणी कुणाकडे केली हे तपासल्याशिवाय मान्य करू नये. डहाणू-तलासरीत ती वरच्यांनी खालच्यांकडे केली, आणि ज्या दिवसांत केली त्या दिवसांत अनीती खालच्यांच्या चित्रांत नव्हती. ती वरच्यांच्या वह्यांत, लाठ्यांत आणि एक आण्याच्या मजुरीत होती. त्या अनीतीला सिमिंग्टनच्या अहवालाने नाव दिले, झरीच्या सभेने आव्हान दिले आणि पुढे कायद्याने बंदी घातली. यांपैकी एकही काम चौकाचे नव्हते. चौकाचे काम होते ते चौकाने केले: इतक्या हालांतही हे लोक आपल्या देवीला, आपल्या झाडांना आणि एकमेकांना विसरले नाहीत.

कलावंताला शिकवावेसे वाटले तर त्याने खुशाल शिकवावे, फुल्यांसारखे, अण्णा भाऊंसारखे जीव ओतून शिकवावे. न वाटले तर त्याच्या भिंतीवर आपला धडा लिहू नये. आणि ज्यांना या चित्रांमधले जग आवडते, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी वारली चित्र विकत घ्याल किंवा भिंतीवर काढून घ्याल, तेव्हा त्यात कोणता संदेश टाकायचा हे ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे काढणाऱ्या हाताला पूर्ण मजुरी मिळाली का, आणि चित्राखाली त्याचे नाव लिहिले का. नीतीचा पहिला प्रश्न चित्राला विचारायचा नाही, चित्राची किंमत ठरवणाऱ्याला विचारायचा.